एकशेवीसला किती?

आणि वर मलाच विचारतात, "ज्ञानदा, तू बोलत का नाहीस गं कधी?" अहो, बोलणार कुठे? पुढे बाबा, त्यांच्या शेजारी आई, मागे मी, आणि आमच्या पुढ्यात, त्या लांबच लांब बॉनेटखाली, मिनिटाला तीन हजार नऊशे वेळा गरगरणारं आठ सिलिंडरचं इंजिन! त्यात माझा आवाज मुळातच लहान. तुम्हाला सांगते, शाळेत हजेरीला मी "प्रेझेंट, मॅम" म्हणते ते मॅमच्या टेबलापर्यंत पोचतच नाही, वाटेतच कुठेतरी बसकण मारतं. मग पुढच्या बाकावरची फातिमा मागे वळते, मी आहे याची खात्री करून घेते आणि माझ्या वतीने ओरडते, "शी इज हिअर, मॅम!" असा हा आवाज. आणि या आवाजात मला एक वाक्य बोलायचं होतं. एकच!

वाक्य असं होतं : बाबा, मला नाशिकला जायचं नाही, मला इथेच राहायचंय. झालं, एवढंच. म्हणजे काय, की दहावीची परीक्षा झाली की मी आणि आई नाशिकला जाणार, मी तिथे अकरावीला बसणार, आणि बाबा इथे कुवेतला, फहाहीलच्या आमच्या फ्लॅटमध्ये एकटे राहणार, असं ठरलं होतं. ठरलं म्हणजे बाबांनी ठरवलं, आईने आमटी ढवळता ढवळता मान हलवली, आणि मी... मी काही बोलले नाही. पण मला दिसत होतं ना! आई दोन दिवस मावशीकडे गेली तरी बाबा खुबूस, म्हणजे इथली बेकरीतली रोटी, ताकात बुडवून खातात आणि फोनवर सांगतात, "हो हो, भाजी-पोळी झाली." असा माणूस दोन वर्षं एकटा सोडायचा?

तुम्ही म्हणाल, मग घरी का नाही बोललीस? घरी बाबा समोर बसतात हो! थेट डोळ्यांत बघतात! डोळ्यांत बघितलं की माझं वाक्य परत पोटात जातं. शिवाय टीव्ही. बाबांचा टीव्ही असा लागतो की खालच्या मजल्यावरच्या नाझिया आंटींना स्वतःच्या घरात वेगळ्या बातम्या लावाव्या लागत नाहीत. गाडीत कसं, सगळे समोर रस्त्याकडे बघतात, आपल्याला फक्त बाबांच्या डोक्याची मागची बाजू दिसते, आणि डोक्याच्या मागच्या बाजूला काहीही सांगता येतं. म्हणून ठरवलं, गाडीत बोलायचं. आणि नेमकी तेव्हाच आमच्या घरी ही गाडी आली!

गाडी एकाहत्तर सालची. अमेरिकन, दोन दारांची, गडद बाटली-हिरवी, पाठीवरून दोन काळे पट्टे. मला गाड्यांतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण ती पहिल्यांदा आमच्या बिल्डिंगखाली येऊन उभी राहिली तेव्हा समोरच्या बकाल्यातला, म्हणजे किराणा दुकानातला, माणूस गिऱ्हाइकाचं दूध हातात तसंच धरून बाहेर आला आणि नुसता बघत राहिला. अशी गाडी. पुढून लांब, मागून आखूड, आणि उभी असली तरी आता निघेल की मग निघेल अशी. आई एकटीच म्हणाली, "म्हैस आहे नुसती." पण तीही खिडकीतून तीनदा डोकावली, ते मी पाहिलं.

ही गाडी बू नासर यांची. बू नासर म्हणजे बाबांचे इथले पहिले साहेब. प्लांटमधल्या कॉम्प्रेसर हाउसचे प्रमुख, आता रिटायर होऊन सबाह अल-सालेमला राहतात. बाबांना कॉम्प्रेसरच्या पोटात हात घालायला त्यांनी शिकवलं, असं बाबा फार मानतात त्यांना. मुलं त्यांची सगळी पांढऱ्या, उंच, एकसारख्या गाड्यांतून फिरणारी, या गाडीकडे कोणी बघत नाही, आणि त्यांच्या बायको, उम्म नासर, गेल्या वर्षी गेल्या. मग एक दिवस त्यांनी त्यांच्या दिवाणियात, म्हणजे बैठकीच्या खोलीत, चार मित्रांसमोर बाबांच्या हातात किल्ली ठेवली आणि त्यांच्या मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणाले, "शैलेश, तुम ले जाओ. ये गाडी में उम्म नासर बोलता, मैं सब सुनता. घर में कुछ नहीं सुनता. अभी बोलने वाला नहीं, गाडी का क्या काम?" सगळे हसले म्हणे. बाबाही हसले. म्हाताऱ्या माणसाची गंमत, म्हणून घरी येऊन आम्हालाही त्यांची नक्कल करून दाखवली, मी पण हसले. आता विचार करते, त्या खोलीत एवढी शहाणी माणसं बसली होती, एकालाही कसं वाटलं नाही की हा माणूस चक्क खरं बोलतोय?

तर पहिल्याच शुक्रवारी आम्ही तिघं गाडीने रिग्गईला निघालो, विशाखा मावशीकडे जेवायला. सिग्नलला बाबांनी नुसता पाय ठेवला आणि गाडी अशी सुटली की आईची पर्स मागे माझ्या मांडीवर! काय सांगू तुम्हाला, मला इतका आनंद झाला, मी आयुष्यात पहिल्यांदा कशाच्या तरी पुढे होते! पण मग हायवे लागला. बाबांनी टॉप गिअर टाकला, काटा एकशेवीसवर नेला, आणि... भों! नुसतं भों! दाणे भरडायच्या गिरणीत खुर्ची टाकून बसल्यासारखं. आईचे ओठ हलताना दिसत होते, आवाज शून्य. मी म्हटलं, हीच वेळ, आणि पुढे वाकून म्हटलं, "बाबा, मला नाशिकला जायचं नाही." बाबा म्हणाले, "काय?" आई म्हणाली, "काय?" माझं मलाच ऐकू आलं नव्हतं, मी काय सांगणार?

रिग्गईला उतरल्यावर आईने जाहीर केलं, "शैलेश, या म्हशीत मला डुलकी लागेल त्या दिवशी मी हिच्यात बसेन. तोवर नाही." आणि बाबांचा चेहरा पडला. कारण बाबांच्या मनात एक बेत होता. मार्च संपायच्या आत, आम्ही जायच्या आधी, या गाडीतून तिघांनी अख्खा कुवेत पालथा घालायचा, खालच्या नुवैसीबच्या सीमेपासून वरच्या मुतल्याच्या टेकाडापर्यंत, गप्पा मारत. "गप्पा मारत" हे ते तीन वेळा म्हणाले. आणि मग माझ्याकडे बघून म्हणाले, "या ज्ञानदाचा आवाज एकशेवीसला ऐकू आला पाहिजे. आपल्या घरात तोच सगळ्यांत लहान आवाज. तो ऐकू आला की गाडी पास!"

म्हणजे बघा, मी घरातलं मोजमापाचं उपकरण झाले.

आणि मग सुरू झालं ते. एकशेवीसला किती? म्हणजे एकशेवीसच्या वेगाला इंजिन मिनिटाला किती वेळा फिरतं? ऐका, मला पाठ झालंय. इंजिनाकडून एक दांडा मागच्या चाकांकडे येतो. त्याच्या टोकाला छोटं दातेरी चाक, ते पिनियन. त्याला भिडलेलं मोठं दातेरी चाक, तो क्राऊन. आमच्या गाडीत क्राऊनला दात सदतीस आणि पिनियनला नऊ. भागा. चार पॉइंट अकरा. म्हणजे रस्त्यावरचं चाक एकदा फिरायला त्या बिचाऱ्या दांड्याने चारपेक्षा जास्त वेळा फिरायचं. सिग्नलवरून सुटायला झकास, पण हायवेवर धाप लागणार. हा आकडा लहान केला, की तेवढ्याच वेगाला इंजिन कमी फिरणार, सावकाश, मांडी घालून बसल्यासारखं. पण फार लहान केला तर निघताना गाडी रडणार. मग करायचा किती? साडेतीन? सव्वातीन? तीन? पावणेतीन?

"साडेतीन, सव्वातीन, पावणेतीन... वांगी घेतोयस का रे?" आई म्हणाली.

पण बाबांना हसू येईना. बाबा आमटीवर फुंकर घालता घालता म्हणायचे, "साडेतीन घेतला, तर एकशेवीसला किती? तेहतीसशे. अंहं, जास्त होतात." खजूर आणायला गेले तर बी हातात फिरवत, "तीन घेतला तर एकशेवीसला किती? अठ्ठावीसशे..." दुकानदार म्हणाला, "नहीं साब, अठ्ठावीसशे नहीं, ये सस्ता वाला है." तुम्हाला सांगते, त्या काळात मला कोणी पाढे म्हणायला सांगितले असते तरी मी चार-अकराचा म्हटला असता.

संक्रांतीचं हळदीकुंकू आमच्याकडे होतं. आत बायका वाण लुटतायत, मी तिळगुळाची वाटी घेऊन फिरतेय, जो तो मला सांगतोय "गोड बोला, गोड बोला." अहो, आधी नुसतं बोल तर म्हणा! आणि बाहेर जिन्यात, चपलांच्या ढिगाशेजारी, सगळे पुरुष उभे राहून क्राऊन-पिनियनवर वाद घालतायत. चंद्रहास काका म्हणजे बाबांचे पुण्याचे मित्र, ते प्रत्येक विषयावर शेवटचं बोलतात, ते म्हणाले, "शैलेश, बाकी सगळं राहू दे. ॲव्हरेज किती देते?" आता सांगा, जिथे पेट्रोल पाण्याच्या बाटलीपेक्षा स्वस्त तिथे, आठ सिलिंडरच्या पन्नास वर्षं जुन्या गाडीला, ॲव्हरेज! पण गंमत म्हणजे जिना एकदम शांत झाला, आणि सगळे मान हलवत म्हणाले, "हां, हा मुद्दा आहे." कुठेही न्या आपल्या माणसांना! मग एकमताने ठरलं, सव्वातीन. एकशेवीसला किती? एकतीसशेच्या आत.

शुवैखच्या गॅरेजात सिराजभाई. हैदराबादचे. त्यांचे हात बघत राहावेत असे, डोळे मिटून पिनियनच्या दातावर बोट फिरवतात आणि आत कुठे झिजलंय ते सांगतात. पण मतं! "इंजिनिअर साब, चार-ग्यारह निकाल रहे? अरे ये गाडी है, फ्रिज नहीं है की आवाज नको! सिग्नल पे लौंडे देखते हैं ना, उसका क्या?" सिराजभाईंच्या मते गाडीचा उपयोग सिग्नलपुरताच, दोन सिग्नलांच्या मधला रस्ता हा सरकारचा वाया गेलेला खर्च. तरी त्यांनी सव्वातीन बसवला. बसवताना चेहरा असा, जणू घरातल्या मुलीची सासरी पाठवणी.

आणि खरंच सांगते, कमाल झाली! हायवेवर ती भरडायची गिरणी गेली आणि कुठेतरी लांबवर कोणी घोरावं तेवढाच आवाज उरला. आई, नुसती परीक्षेपुरती म्हणून बसलेली, फोनवर मावशीशी बोलत होती, तेही साध्या आवाजात. बाबांची छाती फुगली. "बोल ज्ञानदा, काहीतरी बोल!" काहीतरी काय, माझं तयारच होतं. मी पुढे वाकले, डोक्याच्या मागच्या बाजूकडे बघितलं आणि म्हटलं, "बाबा, मला नाशिकला जायचं नाही."

"काय?" बाबा म्हणाले. मग स्वतःशीच, "छे! अजून आवाज आहे. पावणेतीन घ्यायला हवा."

मी काही बोलले नाही.

पावणेतीन आला. अमेरिकेतून खोक्यात, तेलकट कागदात गुंडाळून. सिराजभाई त्या खोक्याकडे बघून म्हणाले, "साब, अब ये गाडी डोली की तरह उठेगी," आणि खरंच, सिग्नलला आमच्या मागचे लोक हॉर्न वाजवून वाजवून थकले. पण हायवेला! एकशेवीसला किती? सव्वीसशे! फक्त सव्वीसशे! काच लावली की आतल्या आत आपला श्वास ऐकू येत होता. डाव्या हाताला वाळवंटात हिवाळ्याचे तंबू, मधून मधून उंट, आणि आमची हिरवी राणी त्या सगळ्याजवळून अशी चाललेली की रस्त्याला कळूसुद्धा नये. काटा मात्र चुकीचा झाला होता. मागचे दात बदलले की काटाही बदलावा लागतो, ते राहिलं होतं, म्हणून काटा ऐंशी दाखवायचा आणि गाडी असायची एकशेवीसला. म्हणून मोबाइल माझ्या हातात, खरा वेग बघायला. मी मागून सांगायचे, "बाबा, एकशेवीस." बाबा म्हणायचे, "काय?" शेवटी मी आरशात बोटं दाखवायला लागले. बघा म्हणजे, आरशात बोटं! तेव्हाही कोणाच्या डोक्यात प्रकाश पडला नाही. आणि आईला? आईला डुलकी लागली. सबाह अल-सालेमही आलं नव्हतं आणि आई चक्क घोरत होती. बाबांच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी. "बोल ज्ञानदा!"

मी बोलले. दोनदा बोलले.

"काय?" बाबा म्हणाले. "दाराच्या रबरातून वारा येत असणार."

आता सांगा! आता माणसाने काय करायचं? एवढ्या शांत गाडीत, दोनदा, शब्द न शब्द स्पष्ट... मला वाटलं, माझ्या आवाजालाच काहीतरी झालंय. खरंच वाटलं. मी फातिमाला विचारलंसुद्धा, "मी बोलते ते तुला ऐकू येतं ना?" ती म्हणाली, "ऑफकोर्स, यू इडियट."

पुढच्या शुक्रवारी बाबा मोठ्या अभिमानाने बू नासरना गाडी दाखवायला घेऊन गेले. ते पुढे बसले, मी मागे. हायवे लागला, बाबांनी टॉप टाकला, सव्वीसशे. बू नासर डॅशबोर्डवर हात ठेवून बसले, आजारी माणसाच्या कपाळावर ठेवतात तसा. मग म्हणाले, "शैलेश, तुम क्या किया? ये मर गया."

बाबा म्हणाले, "क्या?"

बू नासर म्हणाले, "शिनू?" शिनू म्हणजे अरबीत "काय".

बाबा म्हणाले, "क्या बोला आपने?"

बू नासर म्हणाले, "क्या बोला तुम?"

तुम्हाला सांगते, त्या गाडीत इतकी शांतता होती की मला बू नासरांच्या मनगटावरचं घड्याळ ऐकू येत होतं! आणि दोन माणसं, एकमेकांपासून हातभर अंतरावर, पुढे बघत, आलटून पालटून, "क्या?" "शिनू?" "क्या?" "शिनू?" मी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं होतं. आणि मग मधेच माझं हसू थांबलं. कारण दिसलं. टीव्ही. आरशातली बोटं. बाबा नेहमी सोफ्याच्या डाव्या कोपऱ्यात बसतात, उजवा कान आमच्याकडे करून. आणि ते दर वर्षी घरी येऊन मोठ्या हुशारीने सांगतात ते... प्लांटमध्ये कान तपासतात ना, कानाला हेडफोन लावून, आवाज आला की हात वर करायचा, तर बाबा म्हणतात, "काचेत नर्सचं बोट दिसतं. तिने बटण दाबलं की मी हात वर करतो. दर वर्षी पहिला नंबर!" वीस वर्षं कॉम्प्रेसरशेजारी उभा राहिलेला माणूस! यंत्राचा एक बोल्ट सैल झाला तर मध्येच जेवण टाकून धावणारा माणूस, आणि कानाच्या परीक्षेत कॉपी करतो!

बू नासरनी गाडी कडेला घ्यायला लावली. बाबांच्या उजव्या कानाशी तोंड नेलं आणि सगळ्या हायवेला ऐकू जाईल असं ओरडले, "मैं बोला था ना! कॉम्प्रेसर मेरा कान खाया, तुम्हारा भी खाया! शांत गाडी में औरत धीरे बोलता, मैं नहीं सुनता. ये गाडी चिल्लाता था, तो उम्म नासर भी चिल्लाता था! तीस साल मैं सब सुना! उसका गाना भी सुना!" मग ते बाहेर बघत बसले. बाबाही. मी बू नासरांच्या खांद्यावर हात ठेवला, मला तेवढं येतं.

चार-अकरा परत बसला. सिराजभाईंनी तो जुना क्राऊन-पिनियन फेकला नव्हता, तेल लावून, फडक्यात बांधून, वरच्या फळीवर ठेवला होता. "मालूम था साब, लौट के आएगी," म्हणाले आणि स्वतःच्या खर्चाने सगळ्यांना चहा पाजला. आईला बाबांनी सगळं सांगितलं. मला वाटलं आता आई चिडणार, म्हैस काय, रेडा काय, काढणार. पण ती बाबांच्या उजव्या बाजूला सरकली आणि म्हणाली, "चल. निघू या नुवैसीबला." डुलकीची अट तिने पुन्हा काढली नाही.

आणि निघालो. फहाहील मागे पडलं, टॉप गिअर, एकशेवीस, तीन हजार नऊशे, भों! आई ओरडतेय, "शैलेश, डावीकडे उंट बघ!" बाबा ओरडतायत, "बघितला!" पहिल्या फटक्यात! काय नाही, पुन्हा सांग नाही, एकदम "बघितला!" आणि माझं काय झालं मला कळलं नाही, त्या आवाजात आपला आवाज कोणाचाच नसतो ना, कोणी बघत नसतं, कोणी हसत नसतं, मी पुढच्या दोन्ही सीटांच्या मधे डोकं घातलं आणि पोटातून, अगदी तळातून, पंधरा वर्षांचं साठलेलं असं ओरडले, "बाबा! मला! नाशिकला! जायचं! नाही!"

गाडी जराशी हलली. आईने दोन्ही हात डॅशबोर्डवर टेकले.

"अगं!" बाबा ओरडले, "मग आधी का नाही सांगितलंस?"

"सांगितलं होतं!" मी ओरडले. "चार-अकराला एकदा! सव्वातीनला एकदा! पावणेतीनला दोनदा!"

बाबा इतके हसले, इतके हसले, की शेवटी आईनेच ओरडून सांगितलं, रस्त्याकडे बघ. आणि मग पुढच्या पेट्रोल पंपापर्यंत आम्ही तिघं मिळून, घसा फाटेपर्यंत, सगळं ठरवलं. अकरावी इथेच. बाबांनी खऱ्याखुऱ्या डॉक्टरकडे कान दाखवायचे, नर्सकडे पाठ करून. आईने मधेच ओरडून सांगितलं की तिलाही जायचं नव्हतं. तिनेही सांगितलं नव्हतं!

तर आहोत आम्ही इथेच. डॉक्टर झाले, कानाचं यंत्र सांगितलंय, ते यायचं तेव्हा येईल. बाबा त्यांनाही विचारून आलेत, ते यंत्र लावल्यावर एकशेवीसला किती? मी अजूनही शाळेत कोणाला ऐकू येत नाही. पण घरात आता नवा नियम झालाय. कोणाला काही महत्त्वाचं बोलायचं असलं की आई पदर खोचते, गॅस बंद करते आणि म्हणते, "चला, गाडी काढा."

परवा घरातलं मीठ संपल्याचं सांगायला आम्ही नुवैसीबपर्यंत जाऊन आलो. आणि येताना मीठ आणायचं राहिलं.